सरकारमान्य

मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ हा कायदा नसता तर आमच्या घरची चूल दोन वेळ पेटली नसती. वाचकांपैकी काहींना या वाक्यात छापखान्याची चूक दिसेल. पण छापखाना निर्दोष आहे. माझे आजोबा आणि त्यांच्यानंतर माझे वडील अशा दोघांनी मिळून १९७४ ते २००३ अशी एकोणतीस वर्षे भंडारा जिल्ह्यातल्या कोंढा या गावी दारू विकली, आणि ती विकण्याचा परवाना त्यांना मिळाला होता तो दारूबंदी कायद्याखाली. एकादशीच्या नियमावलीत मटणाचा परवाना सापडावा, तसलाच हा प्रकार. आमचे दुकान तपासायला जे साहेब यायचे, त्यांच्या खात्याचे नावही बरीच वर्षे 'दारूबंदी व उत्पादन शुल्क' असेच होते. साहेब उंबरठा ओलांडताना दारूबंदी असायचे आणि वही उघडून बसले की उत्पादन शुल्क व्हायचे. मधल्या चार पावलांत काय होत असे ते सरकारला ठाऊक.

कोंढा कुठे आहे हे सांगणे भाग आहे, कारण पुण्यात मी गावाचे नाव सांगितले की ऐकणारा 'कोंढवा' ऐकतो आणि फ्लॅटचा भाव विचारतो. भंडाऱ्याहून पवनीकडे निघाले की अड्याळच्या पुढे आमचे गाव लागते. शेजारच्या कोसऱ्याला जोडून लोक 'कोंढा-कोसरा' असे जोडनाव घेतात. धानाचा मुलूख. आमच्या झाडीबोलीत 'ण' नाही आणि 'ळ'ही नाही. पाण्याला पानी म्हणायचे, फळाला फर म्हणायचे. वर्णमालेतच काटकसर असलेल्या या मुलखात दुकानाच्या फळीवर मात्र ऐसपैस मजकूर होता : 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान'. खाली आबाजींचे, म्हणजे आजोबांचे, नाव आणि त्याखाली 'सी.एल.-३' असा परवान्याचा प्रकार. गावात सरकारमान्य म्हणण्यासारख्या गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्या, त्यांत एक आम्ही.

इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांना 'पब' नावाची संस्था माहीत असते. पब म्हणजे पब्लिक हाउस, सार्वजनिक घर. खाली गुत्ता, वर बिऱ्हाड. बाप पेले भरतो, आई स्वयंपाक बघते आणि पोरे जिन्यावर बसून मोठ्या माणसांच्या गप्पा ऐकतात. आमच्याकडे अगदी हेच होते, फक्त खाली-वर ऐवजी पुढे-मागे. पुढे ओसरीत दुकान, मागे घर, मध्ये एक दार आणि त्या दारावर आईने जुन्या लुगड्याचा शिवलेला पडदा. इंग्लंडात परवानाधारकाचे नाव दारावर लिहावे असा कित्येक वर्षे कायदाच होता. नाव आमच्याही दारावर होते. फरक इतकाच, की तिथला गुत्तेवाला नावाच्या पाटीखाली उभा राहून फोटो काढतो आणि आमच्या घरातला एकही फोटो त्या फळीच्या बाजूला तोंड करून काढलेला नाही.

आम्ही जातीने कलार. जाणकार हा शब्द संस्कृतातल्या 'कल्यपाल'पर्यंत नेऊन पोचवतात. कल्य म्हणजे मद्य. नाव संस्कृत, धंदा प्राकृत. आमच्या पूर्वजांचे भांडवल म्हणजे मोहाचे झाड. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले टपटप पडतात. उजाडायच्या आत बायका-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. पिवळट, मऊ, गोड आणि रसाने जड अशी ती फुले. ती वाळवायची, भिजत घालायची, त्यांचा सडवा आंबू द्यायचा, मग भट्टीवर चढवून वाफ धरायची. वाफेची जी पहिली धार पडते तिच्यावरून मराठीत 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग आला. आजकाल तो ज्यांनी धारही पाहिली नाही अशा पुढाऱ्यांच्या भाषणांबद्दल वापरतात. त्याच फुलांची भाकरी होते, दुष्काळात तीच पोट भरते, आणि फळाच्या, म्हणजे टोरीच्या, बीचे तेल निघते. एका झाडातून जेवण, तेल आणि करमणूक निघावी, याला वाणिज्य शाखेच्या भाषेत 'संयुक्त उत्पादन' म्हणतात. बी.कॉम.च्या परीक्षेत मी उदाहरण म्हणून मोहाचे झाड लिहिले होते. परीक्षकाने बहुधा मार्क दिले, कारण मी पास झालो.

मग इंग्रज आले आणि त्यांनी वाफेवर कर बसवला. या खात्याचे नाव 'आबकारी'. फारसीत आब म्हणजे पाणी. दारूच्या खात्याला पाण्याचे नाव देणाऱ्या माणसाने एखादे दुकान आतून पाहिलेले असणार. मध्यप्रांतात सुरुवातीला भट्टीचाच लिलाव होई. जो जास्त बोली लावील त्याने तिथे गाळावी, तिथेच विकावी आणि लिलावाचा पैसा वसूल करण्यासाठी गावाला पाजावी. सरकारला गावाच्या तोंडाला बाटली लावावी लागली नाही; ते काम लिलावाने आपोआप केले. पुढे १९०५-०६ मध्ये सरकारने एक अबकारी समिती नेमली. नंतर कारभार मोठ्या कंत्राटदारांच्या हाती गेला आणि १९१५ मध्ये मध्यप्रांताचा अबकारी कायदा आला. दारू गाळायची कंत्राटदाराने, मोठ्या कारखान्यात. गावच्या कलाराने ती फक्त विकायची. एका पिढीत आमच्या घरचा कारागीर दुकानदार झाला. आबाजी या गोष्टीचा उल्लेख करताना 'आमचे हात गेले' असे म्हणत. पहिल्यांदा ऐकणारा त्यांच्या हातांकडे बघे.

गांधीजींनी १९३० च्या जानेवारीत व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठाची सगळ्यांना आठवते. पण यादीत पहिली होती संपूर्ण दारूबंदी. त्याआधी असहकाराच्या काळात, १९२०-२१ मध्ये, आमच्या नागपूरकडच्या मुलखात दारूच्या दुकानांपुढे आणि लिलावांपुढे निदर्शने झाली होती. म्हणजे आमच्या खानदानासमोर राष्ट्रीय चळवळ दारात येऊन उभी राहिली होती आणि आम्ही दाराच्या आतल्या बाजूला होतो. कोणाच्या घरी तुरुंगवासाचे ताम्रपट असतात, कोणाच्या घरी चरखा असतो. इतिहासाच्या पुस्तकातला हा धडा वर्गात सुरू झाला की मी दप्तरात काहीतरी शोधायला लागायचो.

मध्यप्रांत-वऱ्हाडचा दारूबंदीचा कायदा १९३८ मध्ये झाला, पण तो निवडक भागांना. खरी कुऱ्हाड उशिरा पडली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि मुंबईचा १९४९ चा कायदा १९५९ मध्ये आम्हालाही लागू झाला. तो कायदा खेर मंत्रिमंडळाच्या काळातला, गृहमंत्री मोरारजी देसाई. आबाजींनी दुकानाला कुलूप लावले, चार दिवस ओसरीत बसून काढले आणि पाचव्या दिवशी तिथेच किराणा मांडला.

आता किराण्याच्या दुकानात मीठ-मिरची खपावी. आमच्याकडे गूळ आणि नवसागर यांचा खप वाढत गेला. नवसागर भांड्यांना कल्हई करायला लागतो आणि भंडारा जिल्हा तर पितळी भांड्यांसाठी नावाजलेला, त्यामुळे वरकरणी कुणाला नवल वाटू नये. पण आबाजींच्या हिशोबाने त्या काळात पंचक्रोशीत जेवढा नवसागर गेला तेवढ्यात भंडाऱ्यापासून नागपूरपर्यंत प्रत्येक तपेल्याला दरमहा कल्हई झाली असती. रामाचा वनवास चौदा वर्षांचा, आबाजींचाही १९५९ ते १९७३ असा चौदाच वर्षांचा. फरक असा, की या वनवासात राम सोडून बाकी सगळे पीत होते.

वसंतराव नाईकांच्या काळात, साठीच्या दशकात, दारूबंदीचा दोर सैल होऊ लागला. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि पुढच्या वर्षी आबाजींच्या हाती परवाना पडला. पहिल्या दिवशी पेट्या उतरल्या. आबाजींनी एका बाटलीचे बूच उघडले, वास घेतला आणि माल आणणाऱ्याला विचारले, "ही कशाची जी?"

"संत्रा."

"वास संत्र्याचा आहे. दारू कशाची आहे?"

ती मळीची होती. उसाचा रस आटवून साखर काढल्यावर खाली जो काळा चिकट गाळ उरतो, ती मळी. म्हणजे पाहा : मोहाची झाडे आमच्या बांधावर उभी, पण त्यांच्या फुलाची दारू बेकायदा. ऊस पिकणार कुठल्या कुठे पश्चिम महाराष्ट्रात, आणि त्याच्या गाळाची दारू सरकारमान्य. वर तिला वास नागपुरी फळाचा. विदर्भाचा अनुशेष मोजायला १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांची समिती बसली, १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. रस्ते मोजले, पाटबंधारे मोजले, ही बाब तेवढी राहून गेली. मोहफुले गोळा करण्यावर, साठवण्यावर आणि वाहून नेण्यावर निर्बंध होते. ते महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये उठवले. फूल सुटले. त्याची विनापरवाना दारू गाळणे हा गुन्हा मात्र अजून आहे.

माझा जन्म या सगळ्यानंतरचा, १९८० चा. तेव्हा आबाजी थकले होते आणि गल्ल्यावर बाबा बसत. दुकानात दोन बाकडी, पाण्याची एक टाकी, साखळीने बांधलेला एक ग्लास, आणि फळीवर परातीत फुटाणे, कांदा, मीठ, उकडलेली अंडी. भिंतीवर दोन कॅलेंडरे. एकावर लक्ष्मी, दुसऱ्यावर त्या वर्षीचे 'ड्राय डे' लाल शाईने गोल केलेले. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. इतर मुलांना दिवाळी आवडायची, मला राष्ट्रीय सण आवडायचे, कारण बाबा दिवसभर घरी असत. १५ ऑगस्टला शाळेतून जिलेबी घेऊन यावे तो बाबा ओसरीत पालथे झोपलेले. स्वातंत्र्याची याहून चांगली व्याख्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नव्हती.

बाटलीवर '२५ यू.पी.' असे छापलेले असे. आमचे एक जाणते गिऱ्हाईक नव्या माणसाला सांगत, की हा माल उत्तर प्रदेशातून येतो, तिथल्या पंचवीस जिल्ह्यांतून. खरी भानगड निराळी आहे. जुन्या काळी इंग्रज बंदुकीच्या दारूवर प्यायची दारू ओतून काडी लावीत. भिजूनही पेटली तर माल अस्सल, म्हणजे 'प्रूफ'. ते प्रमाण पुढे सुमारे ५७ टक्के मद्यार्क असे ठरले. त्याच्या २५ टक्के खाली ते २५ अंडर प्रूफ, म्हणजे शंभरात जवळजवळ ४३ भाग. बंदुकीची दारू आणि प्यायची दारू या दोघींना मराठीत एकच शब्द का, हे मला तेव्हा उमगले. दोन्ही पेटतात.

कायद्याप्रमाणे प्यायलासुद्धा परवाना लागतो, ही गोष्ट निम्म्या महाराष्ट्राला ठाऊक नसेल. एका दिवसाचा परवाना देशीसाठी दोन रुपये, विदेशीसाठी पाच. विदेशीच्या परवान्यात तर कारणही दिलेले असते : प्रकृतीच्या जपणुकीसाठी. संध्याकाळी सात वाजता आमच्या ओसरीत पंचवीस-तीस माणसे प्रकृती जपत बसलेली असत. त्यांतली काही जपता जपता आडवी होत, मग त्यांना बैलगाडीत घालून घरी पोचवावे लागे.

शाळेत माझे नाव 'पव्वा'. थोरला भाऊ उंच, तो 'खंबा'. धाकट्या बहिणीला 'नीप' म्हणत. तिघे मिळून आम्ही पूर्ण मालसाठा होतो. एकदा वर्गात वडिलांचा व्यवसाय विचारत गुरुजी आले. शेती, मजुरी, बिड्या, मजुरी, शेती. माझी पाळी आली. मी उठून सांगितले, "सरकारमान्य." गुरुजींनी रकान्यात काय लिहिले ते दिसले नाही. वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत, कारण ते दर रविवारी आमच्या मागच्या दाराने येत आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले 'औषध' घेऊन जात. पडद्याच्या अलीकडे आणि पलीकडे राहणाऱ्या मुलाला गावाची दोन्ही तोंडे माहीत होतात, आणि गावालाही ते माहीत असते. परीक्षेत मला कधी कमी मार्क पडले नाहीत. भाषेत तर नाहीच. ती गुरुजी शिकवत.

दिवाळीनंतर मंडईचे दिवस. भंडाऱ्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार होते, खडी गंमत होते, पाहुण्यांनी घरे भरतात. त्या काळात आमचा धंदा सर्वांत जोरात. एका वर्षी दंडारीच्या मंडळींनी दारूबंदीवर बोधपर वग बसवला होता. दारुड्याचे काम करणाऱ्या नटाने भूमिकेच्या तयारीसाठी दुपारपासून आमच्याकडे मुक्काम ठोकला. रात्री त्याने असे काम केले की बायकांच्या डोळ्यांत पाणी आले. दारू सोडण्याचा प्रवेश शेवटी होता. तोपर्यंत तो शुद्धीवर नसल्यामुळे त्याच्या बायकोचे काम करणाऱ्या मिशीवाल्या गड्याने त्याला खांद्यावर टाकले आणि त्याच्या वतीने शपथ घेतली. बोध झाला. नंतर सगळे मंडळ आमच्याकडे आले.

हे सगळे मी हसत हसत सांगतो, कारण बँकेत डब्याच्या वेळी सांगायला या गोष्टी बऱ्या पडतात. एक गोष्ट मात्र डब्याच्या वेळी सांगत नाही. पण ती हिशोबाची आहे, आणि माझे शिक्षण हिशोबाचे, म्हणून इथे नोंदवतो.

धानाचे चुकारे झाले, बाजाराचा दिवस आला, की मजुरीचा पैसा थेट ओसरीत येई. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन झाले. धरण आमच्याच पवनी तालुक्यातले. त्या दिवशी बाबा रिकाम्या दुकानात माशा मारत होते. सगळा मुलूख पंतप्रधानांना पाहायला गेला होता. ती भरपाई पुढच्या वर्षांत झाली. धरणाचे मजूर आले, आणि मग ज्यांच्या जमिनी जाणार होत्या त्यांचे मोबदल्याचे चेक आले. नांगराच्या मुठीखेरीज काही न धरलेल्या हातात एकदम नोटांची गड्डी आली. जमीन विकलेल्या माणसाला संध्याकाळी जायला शेत नसते, हे त्या वयात मी समोर बसून पाहत होतो. ती माणसे फार बोलत नसत. आधीच्या गिऱ्हाइकांसारखी भांडतही नसत. एकेकटी येत आणि भिंतीकडे तोंड करून बसत.

रात्री दुकान बंद झाल्यावर किंवा सकाळी उजाडताना मागच्या दाराला कडी वाजे. दारात कुणीतरी बाई उभी, कडेवर मूल. ती आईला फार काही सांगत नसे. "बाई, कालचे सप्पाच गेले जी," एवढेच. आई आत येई, बाबांच्या उशाखालची किल्ली काढी, गल्ला उघडी आणि दहाची, वीसची नोट तिच्या पदरात टाकी. बाबा पाठ करून झोपलेले असत. बाबांना उजाडण्यापूर्वी जाग येते हे घरात सगळ्यांना ठाऊक होते, तरी त्या वेळी ते झोपलेलेच असत.

आता ही रक्कम खात्यात कुठे घालायची? आमच्या शास्त्रात 'विक्री परत' नावाचे खाते आहे. पण त्यात पैसा परत जाताना माल परत यावा लागतो. इथे माल तर रात्रीच गिऱ्हाइकाच्या पोटात गेला होता आणि पोट गावाबाहेर पारावर झोपले होते. पैसा गेला, माल आला नाही. बाबा आठवी शिकलेले. पण त्यांनी असा मार्ग काढला, की चार्टर्ड अकाउंटंटने टोपी काढावी. रोजच्या मालाच्या नोंदवहीत ते तेवढ्या किमतीचे पव्वे 'फुटतूट' म्हणून दाखवीत. बाटल्या कमी, रोकडही तेवढीच कमी. दोन्ही बाजू जुळल्या.

एका वर्षी मंडईनंतर तपासणीला साहेब आले. नवे होते, तरुण होते. त्यांनी वहीवर पेन्सिल टेकवली.

"शेठ, एवढ्या बाटल्या फुटतात कशा?"

"जी, गिऱ्हाईकाचे हात थरथरतात," बाबा म्हणाले.

"आणि त्याच्या काचा?"

बाबांना उत्तर सुचले नाही. त्यांना खोटे बोलता येत नसे, फक्त लिहिता येत असे. तेवढ्यात पडदा हलला आणि आई बाहेर आली. मी तिला दुकानाच्या भागात आलेली त्या एकाच वेळी पाहिली. डोक्यावर पदर, कमरेवर टोपली, टोपलीत शिगोशीग काचा. दारूच्या दुकानामागच्या नाल्यात काचांना काय तोटा! तिने टोपली साहेबांच्या बुटापाशी ठेवली आणि म्हणाली, "मोजून घ्या जी." साहेबांनी टोपलीकडे पाहिले, आईकडे पाहिले, मग मागच्या दाराशी मूल घेऊन उभ्या असलेल्या एका बाईकडे पाहिले. त्यांनी सही केली. चहा मात्र घेतला नाही.

या विषयावर त्या दोघांचे आयुष्यात एकदाही बोलणे झाले नाही. बाबांनी २००३ मध्ये परवाना सोडला. नवे परवाने सरकारने कधीच बंद केल्यामुळे त्या कागदाला आमच्या शेतापेक्षा जास्त किंमत होती. तो दुसऱ्याच्या नावे झाला आणि दुसऱ्या गावी गेला. मी तोवर बँकेत लागलो होतो. मुलाखतीत वडिलांचा व्यवसाय विचारला तेव्हा मी 'किरकोळ विक्री' असे सांगितले, आणि सांगताना आवाज किरकोळ झाला. बाबा गेल्यावर मी त्या जुन्या वह्या खाली काढल्या आणि सवयीने बेरजा मारायला बसलो. एकेका वर्षाची फुटतूट वाचून दाखवू लागलो. आई ऐकत होती. "त्या साली रोवणी उशिरा झाली होती," ती म्हणे. किंवा, "हां, ते धरणाचे पैसे आले ते साल." तिच्याकडे वही नव्हती. तिला बायका आठवत होत्या.

माझ्या काउंटरवर आता त्याच मुलखातली माणसे येतात. मोबदल्याचा पैसा खात्यात जमा होतो. पुरुष पैसे काढायची स्लिप मागतो आणि मागे उभी असलेली बाई काही बोलत नाही. बँकेच्या नियमात फुटतूट हे खाते नाही. मी विचारतो, "थोडे एफ.डी.त ठेवता का?" यापुढे मला अधिकार नाही.

२५ मार्च २००८ ला राज्य सरकारने एक आदेश काढला. गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के बायकांनी सह्या करून मागणी केली तर दारूच्या दुकानाबद्दल बायकांचे मतदान घ्यायचे. मतपत्रिकेवर दोन चित्रे : उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. मतदार यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडली तर कुलूप. एकोणतीस वर्षे आमच्या ओसरीत माणसे आडवी झाली. बाटली आडवी करायची सोय पहिल्यांदाच निघाली होती.

मी पेपर घेऊन गावी गेलो होतो तेव्हा आईला हे वाचून दाखवले. ती पडवीत तांदूळ निवडत बसली होती.

"आई, आपलं दुकान असतं तर तू काय केलं असतंस?" मी विचारले. "त्या बाटलीवरच आपण तिघं शिकलो."

"आडवी," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

मग थोड्या वेळाने तिने विचारले, "मोजनी कशी म्हणतोस? आलेल्या बायकांची, का सगळ्यांची?"

"यादीतल्या सगळ्यांची."

"म्हंजे जी आलीच नाई, तिची बाटली उभी?"

"तसंच धर."

ती विचारात पडली. सुपातला एक खडा काढून तिने अंगणात टाकला.

"मंग सांग त्याहिले, मतदान सकाळी सकाळी ठेवा म्हना. दुपारी त्या रोवन्यावर असतात, आन संध्याकाळी नवरे घरी येतात."